शाळेचं नाटक: प्रयोगाआधीचे चार आठवडे कसे लावायचे

कलाशाळेत हौसेला तोटा नसतो. गाणारे, नाचणारे, चित्रं काढणारे, नाटकवाले सगळे एकाच इमारतीत असतात. तरी प्रयोगाच्या आदल्या रात्री फ्लॅटचा (नेपथ्याच्या उभ्या भिंतीचा) रंग ओला असतो, आवाजाची फाइल कुणाच्या तरी फोनमध्ये अडकलेली असते आणि दिवे कधी बदलायचे हे फक्त दिग्दर्शकाला ठाऊक असतं. अशा वेळी चांगली पाठ असलेली मुलंही गडबडतात आणि दोष अभिनयावर जातो. खरा घोळ दोन ठिकाणी असतो: जे कागदावर यायला हवं ते डोक्यात राहतं, आणि दिवे-आवाज बसवायची तांत्रिक तालीम ही वेशभूषेसह सलग होणारी रंगीत तालीम समजून उरकली जाते.

हा लेख स्टेज मॅनेजर, म्हणजे प्रयोगात सगळ्यांना इशारे देणारा, झालेल्या विद्यार्थ्यासाठी आणि त्याच्या पाठीशी असलेल्या शिक्षकांसाठी आहे. नाटक सुमारे दीड तासाचं आहे, हालचाली बसल्या आहेत आणि प्रयोगाला चार आठवडे उरले आहेत, असं धरून चाललो आहोत. लेखकाची प्रयोगाची लेखी परवानगी अजून हातात नसेल तर बाकी सगळं थांबवून आधी ती मिळवा. नाटकात दुसऱ्या कुणाचं संगीत वापरणार असाल तर त्याचीही घ्या.

## १. माणसं आणि तारखा (चौथा आठवडा)

दीड तासाच्या नाटकाला पडद्यामागे साधारण दहा-बारा जण पुरतात: स्टेज मॅनेजर एक, सहाय्यक दोन (प्रत्येक विंगेत एक), लाइट ऑपरेटर एक, साउंड ऑपरेटर एक, प्रॉपर्टीला (नाटकात वापरायच्या वस्तूंना) दोन, वेशभूषेला दोन, प्रॉम्प्टर एक, प्रेक्षागृहाच्या दारावर दोन. एका माणसाला दोन कामं देऊ नका, विशेषतः नटाला. ‘माझी एंट्री दुसऱ्या अंकात आहे, तोवर मी साउंड बघतो’ हे ऐकायला सोयीचं वाटतं; पण दुसऱ्या अंकात साउंड कोण बघणार, याचं उत्तर कुणाकडेच नसतं.

दिवे, आवाज आणि स्टेज मॅनेजर या तीन जागांसाठी एकेक पर्यायी माणूस आत्ताच ठरवा. त्याने खऱ्या ऑपरेटरच्या शेजारी बसून किमान दोन सलग तालमी पाहिलेल्या असाव्यात. पहिल्या वर्षाच्या मुलांना ही जागा द्या. पुढच्या वर्षीची टीम अशीच तयार होते, आणि त्यांना नुसतं खुर्च्या उचलायला ठेवलं की ती तिसऱ्या दिवशी यायची बंद होतात.

मग दिनदर्शिका. ती प्रयोगाच्या तारखेपासून उलटी भरत या:

- प्रयोगाच्या १ आणि २ दिवस आधी: रंगीत तालमी
- ४ दिवस आधी: क्यू-टू-क्यू, म्हणजे कलाकारांसह तांत्रिक तालीम (क्यू म्हणजे दिवा किंवा आवाज बदलायचा ठरलेला क्षण)
- ५ दिवस आधी: कलाकारांशिवाय दिवे आणि आवाज
- ७ दिवस आधी: नेपथ्य उभं, रंग वाळलेला
- १० दिवस आधी: खरी प्रॉपर्टी हातात
- २१ दिवस आधी: संहिता बंद, म्हणजे यापुढे तालीम हातात कागद न घेता

तालमींच्या मधला एक दिवस मोकळा ठेवला आहे. तो दुरुस्तीचा आहे, जादा तालमीचा नव्हे.

ही दिनदर्शिका सगळ्या विभागांच्या प्रमुखांपुढे ठेवून सह्या घ्या. संगीताची परीक्षा, नृत्याचा कार्यक्रम, सभागृहाची दुसरी नोंदणी या गोष्टी नाट्य विभागाला नेहमी शेवटी कळतात. चित्रकला विभागाला नुसतं ‘फ्लॅट रंगवून द्या’ म्हणू नका. मुलं चित्र काढायला बसतात आणि विटेच्या एकेका भेगेवर दुपार घालवतात. मोजमापासह आराखडा द्या, आणि दर अर्ध्या तासाने काम सभागृहाच्या शेवटच्या रांगेतून पाहायला सांगा. तिथून न दिसणारा बारकावा रंगमंचावर वाया जातो.

तपासा: रंगभूषेचं सामान कुणाला बाधतं का हे आत्ताच पाहा. हाताच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस थांबा. पालकांचे संपर्क आणि आरोग्याची माहिती शिक्षकांकडेच राहू द्या. ती ग्रुपवर टाकायची नसते.

## २. प्रॉम्प्ट बुक

सगळ्या प्रयोगाचा कणा म्हणजे ही एक फाइल. संहिता एकाच बाजूला छापा, रिंग फाइलमध्ये लावा. फाइल उघडली की उजवीकडे संवाद आणि डावीकडे कोरं पान आलं पाहिजे. कोऱ्या पानावर हालचाली आणि संवादाच्या बाहेरच्या समासात क्यू. सगळं पेन्सिलने. पेनने लिहिलेलं पुस्तक तिसऱ्या तालमीनंतर वाचता येत नाही.

उजवं-डावं नेहमी प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या नटाचं. दिग्दर्शक समोर बसून स्वतःच्या हिशेबाने ‘डावीकडे’ म्हणतो आणि अर्धी मुलं भलत्या विंगेत जातात. पहिल्याच दिवशी दोन्ही विंगांच्या तोंडाशी मोठ्या अक्षरात ‘उ’ आणि ‘डा’ चिकटवून टाका. पुढचा भाग ‘पु’, मागचा ‘मा’, मधला ‘म’. मग ‘ताई पु-डा, टेबल’ एवढ्या नोंदीत हालचाल पूर्ण होते.

दिव्यांच्या क्यूंना आकडे द्या, आवाजाच्या क्यूंना अक्षरं. दोन्हींना आकडे दिले तर ‘सात’ म्हटल्यावर दोन बोटं एकदम खाली जातात. मध्येच नवा क्यू आला तर सगळ्यांचे क्रमांक बदलत बसू नका. २३ आणि २४ च्या मधला तो २३.५.

आता एक पान जवळून पाहू. खोलीत अंधार आहे.

> ताई: किती वाजले असतील? काही दिसत नाही. *(टेबलापाशी जाऊन दिवा लावते.)* हे पत्र… हे तर उघडलेलं आहे.
> *(बाहेर गाडी थांबते. खिडकीवरून उजेड फिरतो.)*
> दादा: दिवा मालव!

इथे चार क्यू आहेत. समासात ‘ताई दिवा लावते तेव्हा’ असं लिहिलेलं असतं, आणि गडबड तिथूनच सुरू होते. ‘तेव्हा’ म्हणजे नेमकं कधी? नोंद अशी हवी:

- अर्धं पान आधी: लाइट २३, साउंड ज, लाइट २४ स्टँडबाय (‘तयार राहा’)
- लाइट २३: ताईचा हात बटणावर टेकला की (नजरेने). एकदम.
- साउंड ज: ‘उघडलेलं’ संपताना
- लाइट २४: गाडीच्या आवाजानंतर एक श्वास. ३ सेकंदांत.
- लाइट २५: दादाच्या ‘मालव’वर ताईचा हात बटणावर टेकला की (नजरेने). एकदम.

लाइट २५ चा स्टँडबाय २४ चा ‘गो’ (‘आता बदला’ हा इशारा) दिल्याबरोबर द्या. चारही एकदम दिले तर ऑपरेटर शेवटचा विसरतो. टेबलावरचा दिवा ऑपरेटरकडूनच लागतो, ताई फक्त अभिनय करते. म्हणून तिने बटण हाताने झाकायचं आणि उजेड येईपर्यंत हात काढायचा नाही. दिवा अर्धा सेकंद उशिरा आला तरी मग प्रेक्षकांना कळत नाही. हात आधी निघाला तर शेवटच्या रांगेलाही कळतं.

ऐकून बटण दाबेपर्यंत ऑपरेटरचा पाव-अर्धा सेकंद जातो. शब्दावर क्यू हवा असेल तर ‘गो’ त्या शब्दाच्या किंचित आधी सुटला पाहिजे.

सावधान: ‘गो’ हा शब्द हेडसेटवर क्यूशिवाय इतर कुठल्याही कारणाने उच्चारायचा नाही, गमतीतही नाही. आधी क्रमांक, शेवटी ‘गो’: ‘लाइट २३… गो.’ उलट म्हटलंत तर क्रमांक ऐकायच्या आतच कुणीतरी बटण दाबतं.

## ३. तालमीच्या जमिनीवर नेपथ्य

खरा सेट यायच्या आधी तीन आठवडे मुलं त्याच्या मापात फिरली पाहिजेत. आराखडा १:२५ प्रमाणात असेल तर कागदावरचे ४ सेंटीमीटर म्हणजे जमिनीवर १ मीटर. रंगमंचाची मध्यरेषा आधी आखा आणि सगळी मापं तिच्यापासून घ्या. भिंतीपासून घेतलीत तर तालमीची खोली बदलली की सगळं सरकतं. भिंती, दारं, पायऱ्या, लेव्हलच्या (रंगमंचावरच्या चौथऱ्यांच्या) कडा कापडी टेपने दाखवा. प्रत्येक अंकाला टेपचा वेगळा रंग. दार कुठल्या बाजूला उघडतं ती कमानही आखा, कारण उघडलेलं दार कुणाला तरी झाकतंच.

संहिता बंद झाल्यावर नट अडला तर त्याने भूमिकेतच राहून फक्त ‘लाइन’ म्हणायचं. प्रॉम्प्टरने पहिले दोन-तीन शब्द द्यायचे, वाक्य पूर्ण करायचं नाही. नट विचारात थांबलाय की विसरलाय, हा फरक प्रॉम्प्टरला कळायला दहा-बारा तालमी लागतात. म्हणूनच रोज बदलणारा प्रॉम्प्टर नको.

## ४. प्रॉपर्टीचं टेबल

दोन्ही विंगेत एकेक टेबल. त्यावर तपकिरी कागद पसरा, प्रत्येक वस्तू ठेवून तिच्याभोवती जाड रेघ मारा आणि आत नाव लिहा: ‘पत्र, अंक १, ताई’. रिकामी चौकट दिसली की कुठली वस्तू जागेवर नाही हे दोन सेकंदांत कळतं. वस्तू ज्याची त्यानेच उचलायची आणि परत तिथेच ठेवायची. एका विंगेतून नेलेली वस्तू दुसऱ्या विंगेत परतणार असेल तर ती मूळ जागी कोण नेतं, ते नावानिशी लिहा. हरवलेल्या प्रॉपर्टीचा माग बहुतेक वेळा याच न लिहिलेल्या फेरीत लागतो.

फाडायचं पत्र, फोडायचा पेला, खायचा पदार्थ दर तालमीला आणि प्रयोगाला नवीन लागतो. एकूण संख्या आत्ताच मोजा आणि दोन जास्त ठेवा. खरी मेणबत्ती वापरू नका, बॅटरीवरची आणा.

## ५. दिवे लटकवणं

हे शिक्षक किंवा जाणकार तंत्रज्ञ हजर असतानाच. शिडीवर एक, खाली शिडी धरायला एक, आणि खालून कुणी ये-जा करायची नाही. प्रत्येक दिव्याला हुकाव्यतिरिक्त सुरक्षा साखळी. वर जाणाऱ्याच्या खिशात सुटी वस्तू नको, पाना मनगटाला बांधलेला हवा.

एका सर्किटवर किती दिवे चालतील याचा हिशेब सोपा आहे: व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. आलेल्या आकड्याच्या ऐंशी टक्क्यांपुढे जाऊ नका. रीळवाली एक्स्टेन्शन वापरताना वायर पूर्ण उलगडा. गुंडाळलेल्या वायरीवर भार पडला की उष्णता आतच कोंडते आणि वेष्टन वितळतं. चालण्याच्या वाटेवरची वायर पूर्ण लांबीभर टेपने बसवा, तीन ठिकाणी तुकडे चिकटवून चालत नाही.

## ६. कागदावरची तांत्रिक तालीम

दिग्दर्शक, स्टेज मॅनेजर, लाइट आणि साउंड ऑपरेटर: चौघंच, एका टेबलाशी, दोन तास. नाटकाचं पानन् पान उलटत प्रत्येक क्यू बोलायचा. काय बदलतं, कुठल्या शब्दावर, किती सेकंदांत. ही बैठक हमखास गाळली जाते. मग ‘इथे निळा उजेड की पिवळा’ ही चर्चा तीस मुलांना वेशभूषेत उभं करून होते.

दुसऱ्या दिवशी कलाकारांशिवाय सभागृहात बसा. प्रत्येक दृश्याचा प्रकाश लावा आणि साठवा. एखाद्या मोकळ्या विद्यार्थ्याला नटांच्या जागांवर फिरवा, कारण रिकाम्या रंगमंचावर सुंदर दिसणारा प्रकाश चेहऱ्यावर पडतच नाही, असं बरेचदा निघतं. आवाजाची पातळी मागच्या रांगेतून ठरवा. सभागृह भरल्यावर माणसं आवाज शोषून घेतात, म्हणून संगीत थोडं वर घ्यावं लागणार हे लिहून ठेवा. सगळे आवाज एकाच संगणकावर, क्रमाने, अक्षरांच्या नावाने. दुसरी प्रत पेन ड्राइव्हवर. ज्या फोनवर कॉल येऊ शकतो तो साउंडच्या टेबलावर नको.

## ७. क्यू-टू-क्यू

इथे अभिनय होत नाही. ही गोष्ट मुलांना आदल्या दिवशी आणि सुरू करताना, अशी दोनदा सांगा. क्यूच्या दोन-तीन वाक्यं आधीपासून सुरू करायचं, क्यू द्यायचा, उजेड किंवा आवाज स्थिरावला की स्टेज मॅनेजर म्हणतो ‘थांबा’, आणि पुढचा क्यू कुठल्या वाक्यापासून घ्यायचा ते सांगतो. मधले संवाद गाळायचे. चुकलं तर तोच क्यू पुन्हा; दोन-तीन वेळा बरोबर आल्याशिवाय पुढे जायचं नाही.

वेळेचा अंदाज असा: एका क्यूला ३ मिनिटं, नेपथ्याच्या एका बदलाला १०. साठ क्यू आणि चार बदल म्हणजे २२० मिनिटं. दोन सुट्या धरून चार तास. शाळा सुटल्यावर दोन तास मिळत असतील तर दोन दिवस मागा. ‘उरकू दोन तासांत’ म्हणणारे पहिल्या अंकातच अडकतात आणि दुसऱ्या अंकाचे दिवे प्रेक्षकांसमोरच पहिल्यांदा लागतात.

‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार एकट्या स्टेज मॅनेजरला. दिग्दर्शकाला काही सांगायचं असेल तर त्याने स्टेज मॅनेजरला सांगायचं. शिक्षकांना हे जड जातं, पण दोन तोंडांनी थांबवलेली तालीम पुढे सरकत नाही. अपवाद एकच: कुणाला इजा होईल असं दिसलं तर कुणीही, अगदी पडदा ओढणाऱ्या मुलानेही, जोरात ‘थांबा’ म्हणायचं.

नेपथ्याचा बदल आधी पूर्ण उजेडात, चालत, मग वेगाने, आणि शेवटी अंधारात. कोण काय उचलतं, कुठल्या वाटेने नेतं, कोण आधी बाहेर पडतं याचा क्रम भिंतीवर लावा. ब्लॅकआउट झाल्याबरोबर डोळ्यांना काहीही दिसत नाही. नटाने अंधार व्हायच्या आधी काही सेकंद एक डोळा मिटून ठेवला तर तो डोळा थोडा सरावतो. पायऱ्या आणि लेव्हलच्या कडांवर चमकणारी टेप लावा, आणि ती उजेडात ‘भरते’ हे विसरू नका: तालमीआधी बराच वेळ दिवे बंद असतील तर ती चमकणारच नाही.

झटपट कपडे बदलायचे असतील तर घड्याळ लावा. ४० सेकंद मिळतात आणि ७० लागतात, असं निघालं तर बटणांच्या जागी वेल्क्रो, बुटांच्या लेसच्या जागी इलॅस्टिक. कपडे घालायच्या क्रमाने, उघडे करून खुर्चीवर मांडा. मदतीला ठरलेले दोघंच, कारण चार हात पुरतात आणि सहा एकमेकांत अडकतात.

तपासा: वायरलेस माइक नट विंगेत गेल्याबरोबर बंद होतो ना? हे काम साउंड ऑपरेटरचं आहे, नटाचं नव्हे. नट विसरतो, आणि सबंध सभागृहाला विंगेतली कुजबुज ऐकू जाते.

## ८. रंगीत तालमी

पहिली रंगीत तालीम काहीही झालं तरी थांबवायची नाही. दिवा गेला, मिशी सुटली, प्रॉपर्टी विसरली, तरी पुढे. सावरायचा सराव याच दिवशी होतो. स्टेज मॅनेजरने प्रत्येक अंकाची वेळ मिनिट-सेकंदांत लिहावी. दुसऱ्या दिवशी तोच अंक चार मिनिटांनी वाढला असेल तर कुणीतरी विराम ताणतोय.

सूचना तालीम संपल्यावर, सगळ्यांना बसवून, जास्तीत जास्त वीस मिनिटं. आधी तांत्रिक सूचना देऊन पडद्यामागच्यांना कामाला मोकळं करा, मग नटांच्या. एकट्याला लागेल अशी सूचना एकट्यालाच द्या. आणि दुसऱ्या रंगीत तालमीनंतर हालचाली बदलायच्या नाहीत. प्रयोगाच्या सकाळी सुचलेली ‘छोटीशी’ सुधारणा तीन क्यू हलवते.

## ९. प्रयोगाचा दिवस

प्रयोग ६:३० चा धरा.

१. ४:३० – सहाय्यक रंगमंच झाडतात, पुसतात. खिळा, स्क्रू, पाणी काही नको.
२. ४:४५ – सगळे दिवे एकेक लावून पाहणे, प्रत्येक स्पीकर, माइकला नव्या बॅटऱ्या.
३. ५:१५ – प्रॉपर्टीची यादी वाचून बोट ठेवत तपासणी. एक वाचतो, दुसरा बोट ठेवतो.
४. ५:५५ – ‘अर्धा तास’. सगळे हजर. न आलेल्याचा फोन आत्ता.
५. ६:०० – दारं उघडतात. यानंतर वेशातल्या नटाने प्रेक्षकांत जायचं नाही.
६. ६:१० – ‘पंधरा मिनिटं’.
७. ६:२० – ‘पाच मिनिटं’.
८. ६:२५ – ‘जागेवर’.

हिशेब चुकल्यासारखा वाटेल, पण तो मुद्दाम पाच मिनिटं पुढे आहे, म्हणजे पडदा उघडायच्या पाच मिनिटं आधी पहिल्या प्रवेशातले सगळे विंगेत असतात. प्रत्येक सूचनेला उत्तर आलंच पाहिजे: ‘पाच, ऐकलं.’ खोलीत शांतता असेल तर ऐकलेलं नाही असं समजा आणि पुन्हा सांगा.

दारावरच्या दोघांकडून ‘प्रेक्षक बसले, वाटा आणि बाहेर पडायची दारं मोकळी’ असा निरोप आल्याशिवाय पहिला क्यू नाही. वाटेत मांडलेल्या जादा खुर्च्या पालकांच्या असल्या तरी उचलायला लावा.

## १०. आवराआवर

ही सगळ्यांनी करायची, मुख्य भूमिका करणाऱ्यांनीसुद्धा. फुलं आणि फोटो दहा मिनिटं, मग कामाचे कपडे आणि बंद बूट. क्रम: आधी प्रॉपर्टी आणि कपडे बाहेर, मग आवाजाची यंत्रं, मग नेपथ्य, दिवे सर्वांत शेवटी, पूर्ण थंड झाल्यावर. उसन्या आणलेल्या वस्तूंची यादी वाचून प्रत्येकीपुढे ती परत कोण नेणार त्याचं नाव लिहा. स्क्रू एका डब्यात, बिजागऱ्या दुसऱ्या.

शेवटी जमिनीवरची टेप पूर्ण काढा, चिकटपणा राहिला असेल तर तोही, आणि सबंध रंगमंचावरून लोहचुंबक फिरवा. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे नृत्याचा वर्ग अनवाणी उभा राहणार असतो.